उपाशीपोटीचा आकडा

शेवटचं द्रावण टाकलं की प्लेटच्या शहाण्णव खाचांमधला निळा रंग पिवळा होतो. पिवळा जितका गडद, तितकं त्या रक्तात हार्मोन जास्त. नेमका आकडा यंत्र देतं, पण वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाला तो डोळ्यांनीही जवळपास कळतो, पापड भाजला गेला की नाही हे लांबून कळतं तसा. मार्चमधल्या त्या दुपारी माझी नजर निरोगी माणसांच्या रांगेवरून सरकत होती. प्रत्येकाच्या दोन खाचा. पहिली उपाशीपोटीच्या रक्ताची, लिंबाच्या पाण्यासारखी फिकट. दुसरी मोजून दिलेले पोहे खाल्ल्यानंतर दीड तासाने घेतलेल्या रक्ताची, हळदीकडे झुकणारी. फिकट, गडद, फिकट, गडद. आणि मग एका ठिकाणी गडद, गडद. माझं लक्ष आधी माझ्या हाताकडे गेलं, कारण चूक शोधायची तर मी पहिल्यांदा तिथे शोधते. मग मी प्लेट खिडकीकडे धरली आणि खाचा मोजल्या. निरोगी, क्रमांक नऊ. नळ्यांवर नावं लिहायची नसतात, नाव कळलं की मोजणाऱ्याचा हात नकळत झुकतो. पण क्रमांक मीच दिले होते, आणि नऊ हा क्रमांक मी माझ्या नवऱ्याला दिला होता.

यंत्राने उपाशीपोटीचा आकडा दोनशे चौदा दिला. खाल्ल्यानंतरचा दोनशे एकतीस. बाकीच्या एकोणीस निरोगी माणसांपैकी उपाशीपोटी कोणीही शंभराच्या वर नव्हतं. आमचे परिचर कवडूभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना आकडे वाचता येतात, अर्थही पुष्कळदा माझ्या आधी लागतो. "हा कोन हाय म्याडम येवढा? खाऊन आला वाट्टे कोनी."

"हो," मी म्हटलं, "कोणीतरी खाऊन आलंय."

"मानसाले उपाशी राहा म्हनलं का त्याले जास्तच भूक लागते. म्या तेवढा इमानदारीनं उपाशी होतो. आनि देल्लं काय, तं तर्री नसलेले पोहे." ते हसले. मीही हसले. हसताना माझी बोटं प्लेटच्या कडेवर घट्ट झाली आहेत हे मला दिसत होतं, दुसऱ्या कोणाची बोटं दिसावीत तसं. दुसऱ्या दिवशी मी नोव्हेंबरपासून गोठवून ठेवलेल्या त्याच रक्ताची चाचणी पुन्हा केली. दोनशे नऊ. इतका फरक चालतो.

माझ्या प्रबंधाचा विषय सांगायला सोपा आहे, जेवताना ऐकायला कोणाला आवडत नाही. आतड्याच्या खालच्या भागात काही पेशी विखुरलेल्या असतात. अन्न खाली आलं की त्या रक्तात हार्मोन सोडतात आणि ते मेंदूला निरोप देतं, पुरे, आता थांब. त्यातल्या एकाचं नाव पेप्टाइड वायवाय. ज्यांच्या आतड्याला कायमची सूज असते, त्यांच्यात हे निरोप बिघडतात का, आणि सूज भडकली आहे की शांत आहे हे दर वेळी दुर्बीण न घालता नुसत्या रक्तावरून सांगता येईल का, एवढं मला बघायचं होतं. त्यासाठी वीस रुग्ण आणि वीस निरोगी माणसं हवी होती. रुग्ण नागपूरच्या एका डॉक्टरांनी भंडारा-गोंदियाकडचे निवडून पाठवले. निरोगी मिळेनात. कॉलेजात या, रक्त द्या, पोहे खा, दीड तास बसा, पुन्हा रक्त द्या, याला कोण तयार होणार? माझे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "घरचे घ्या ना, शेजारचे घ्या. निरोगी म्हणजे शेवटी कोण असतं?" तेव्हा मी कवडूभाऊंना घेतलं, दोन सहकाऱ्यांना घेतलं, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला घेतलं, आणि नवऱ्याला, वीरेंद्रना घेतलं.

रीना ही रुग्णांमधली सात नंबर. तुमसरच्या पोस्टात नोकरी, वय एकतीस, आईबरोबर राहते, सहा वर्षांपासून क्रोन्सचा आजार. यात आतड्यात जागोजागी सूज येते, जखमा होतात, महिनोन्‌महिने काही नसतं आणि मग एकदम दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागतं. प्रत्येक रुग्णाला मी दहा दिवसांची एक डायरी देते. किती वेळा गेलात, रक्त दिसलं का, किती दुखलं. लोक कमी लिहितात. आठ असेल तर पाच लिहितात. लबाडी म्हणून नाही, पाचच असावं अशी त्यांची इच्छा असते. मी ते वाचताना मनातल्या मनात मिळवायला शिकले आहे. रीना मात्र वेळेसकट लिहायची. पहिल्या भेटीत खुर्चीत बसता बसता म्हणाली, "पोस्टातली तार बंद होऊन किती वर्षं झाले म्याडम, माझ्या पोटातली अजून चालूच हाय. आली का धावा." ही गोष्ट मी रात्री जेवताना वीरेंद्रना सांगितली. ते हातातला घास खाली ठेवून हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आठवतं, मलाही बरं वाटलं, जणू विनोद माझा होता. आणि मग मीच म्हटलं, तुम्ही रोज तुमसरला जाताच, तुमच्या बँकेसमोर तर पोस्ट आहे, तिच्या शौचाच्या नमुन्याच्या डब्या आणि डायरी तुम्हीच देत जा, परत आणताना बर्फाच्या पेटीत आणत जा. मीच म्हटलं. हे मी नंतर पुष्कळदा घोकलं. कुठलाही प्रयोग लिहिताना साहित्य आधी लिहायचं असतं. इथलं सगळं साहित्य मी पुरवलेलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दोघांचं रक्त घ्यायचं ठरलं. सकाळची एसटी वेळेवर येईलच असं नाही, म्हणून मी वीरेंद्रना म्हटलं, तुम्ही जाऊन रीनाला घेऊन या, तुमचंही त्याच वेळी होऊन जाईल. दोघंही उपाशी या, चहासुद्धा नको. ते पाच पंचविसाला निघाले. कापणी झालेल्या भाताच्या बांध्यांवर धुकं असेल म्हणून मी त्यांना कानटोपी दिली. आठ वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकल कॉलेजच्या फाटकातून आत आली. रीना मागे बसली होती, एक हात सीटच्या मागच्या दांडीला, दुसऱ्या हातात त्यांची कानटोपी. ती कानटोपी तिच्या हातात का होती, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. मार्चमध्ये वाटलं. मार्चमध्ये मी हिशेब केला. गाडी हळू चालवली तर तुमसर पंचावन्न मिनिटं. यायला पंचावन्न. पाच पंचवीस ते आठ दहा म्हणजे एकशे पासष्ट मिनिटं. त्यातून एकशे दहा वजा केली तर पंचावन्न उरत होती. पेप्टाइड वायवाय खाल्ल्यानंतर तास-दीड तासाने सगळ्यात वर असतं. वीरेंद्रचं रक्त मी आठ वीसला घेतलं होतं, वहीत वेळ आहे. पावणेसातला खाल्लं असेल तर आकडा अगदी दोनशेच्या घरात यायला हवा. तो आला होता. एरवी माझे आकडे इतके नीट जुळले की मला शंका येते, मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. या वेळी मी तसं केलं नाही.

रीनाचं घर मी पाहिलेलं नव्हतं. पण त्या दहा-बारा दिवसांत मी ते बांधलं. राइस मिलच्या मागची गल्ली, पायरीवर भुसकटाचा थर, उसन्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या तांदळाचा वास. तिची आई वच्छलाबाई, जी कोणाला उपाशी सोडत नाही असं रीनाच एकदा म्हणाली होती. चुलीवर काय असेल? तांदळाचे आयते असतील, घावनासारखे, कारण ते वीरेंद्रना आवडतात आणि माझ्या हातून तव्याला चिकटतात. रीनाला स्वतःला उपाशी राहायचं होतं, ती राहिलीही, तिच्या नोव्हेंबरातल्या रक्ताचा आकडा व्यवस्थित होता. म्हणजे ती समोर बसून बघत होती. हे मला सगळ्यात जास्त दिसायचं. ती खात नाही आणि बघते. ते एकेक आयता घेतात आणि माझ्या प्रबंधातला एक माणूस वाया जातो, हे दोघांना माहीत आहे, आणि ते हसतात. शरीराला हात लावण्याची दृश्यं माझ्या मनात आली नाहीत. मी ती आणायचा प्रयत्नही केला, निदान तेवढं स्पष्ट दुःख असावं म्हणून. पण मन पुन्हा त्या ताटाकडेच जायचं.

एकदा आकडा हातात आला की बाकीचे पुरावे आपोआप येऊन रांगेत उभे राहतात. वीरेंद्रनी पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडलं होतं. पोट कमी करून राहिलो, म्हणाले होते. सकाळी वीस मिनिटं आधी निघू लागले होते. बाथरूममध्ये फोन घेऊन जायचे आणि आत नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बोलणं बाहेर ऐकू येऊ नये. दुधाचा चहा सोडला होता. मी वाढलेलं अर्धं ताट तसंच सरकवायचे, भूक नाही का विचारलं तर, "खाल्लं ना बँकेत." आणि फेब्रुवारीत रीना फोनवर म्हणाली होती, "वीरेंद्रजींजवळ देते डायरी." नोव्हेंबरात ती त्यांना सर म्हणायची. यातलं प्रत्येक मी त्या त्या वेळी पाहिलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. आता मी ते परत काढलं, पुसलं, तारखेप्रमाणे लावलं. त्यांना मात्र एका शब्दाने विचारलं नाही. त्यांचा शर्ट धुवायला टाकताना नाकाशी धरला. उसन्या तांदळाचा वास होता. तुमसरला काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शर्टाला तो असतो, हेही मला माहीत होतं, आणि तरी मी तो शर्ट दुसऱ्यांदा नाकाशी धरला.

मी कोंढ्याला शाळेत होते तेव्हा माझ्या ताईला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस ती आतल्या खोलीत खाटेवर होती. बाबा पवनीहून मोसंबी आणायचे. आई तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची आणि दर तासाला ताप एका कागदावर लिहायची. मी दारात उभी राहून तो कागद बघायचे. मला मोसंबी नको होती. माझा ताप कोणीतरी तसा लिहावा, एवढंच हवं होतं. एके दिवशी मी थर्मामीटर कंदिलाच्या काचेला लावून आईला नेऊन दाखवला. ती हसली आणि तिने तो झटकून पुन्हा ताईच्या तोंडात ठेवला. पुढे मी आकडे लिहिणारी झाले. लोक म्हणतात, गुंजनला पहिल्यापासून विज्ञानाची आवड.

त्याच आठवड्यात करडीहून सासूबाईंचा फोन आला. पंचफुलाबाई फोनवरही बांधावरून हाक मारावी तशा बोलतात. "काय वं गुंजन, पोरगा बारीक होऊन राहिला ना माहा. परवा आला तं दोन घासात उठला. तू त्याले जेवाले देतं का नाही?"

"देते ना. बाहेर खाऊन येतात ते," मी म्हटलं.

"बाहेर कोठी?"

"ते त्यांनाच विचारा."

मग त्या म्हणाल्या, "मी काहून विचारू? बायको तू हायेस." फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्यांनाही सगळं माहीत आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मार्गदर्शकांनी सगळ्या निरोगी माणसांचा तक्ता मागवला. नऊ नंबर उपाशी नव्हता, सबब वगळला, असा शेरा मी आधीच मनात लिहून ठेवला होता. त्या वाक्याचा मला आनंद होता. त्यात राग नव्हता, नाव नव्हतं, आणि ते छापून येणार होतं. मी संगणकावर ओळी भरायला घेतल्या. क्रमांक, वय, वजन, पेप्टाइड वायवाय उपाशीपोटी, खाल्ल्यावर. मग रक्तातली साखर, मग इन्शुलिन. हे शेवटचे दोन स्तंभ नोव्हेंबरातच मोजून झालेले होते, माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. सहाव्या ओळीवरून सातव्या, आठव्या, मग नवव्यावर आले. साखर चौऱ्याऐंशी. इन्शुलिन चार.

मी ते दोन आकडे भरले आणि दहाव्या ओळीवर गेले. मग परत आले.

पावणेसातला पोटभर आयते खाल्लेल्या माणसाचं इन्शुलिन आठ वीसला चार नसतं. साखर घातलेला अर्धा कप चहा प्यायलेल्याचंही नसतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलीला येतं. दहा-बारा दिवस मी एका आकड्याकडे बघत होते आणि त्याच ओळीत उजवीकडे दोन घरं सरकून बघितलं नव्हतं. तो माणूस उपाशी होता. आदल्या रात्रीपासून काही न खाता धुक्यातून एकशे दहा मिनिटं गाडी चालवून आला होता, आणि त्याचं आतडं त्याच्या मेंदूला सांगत होतं, पुरे, आता थांब. हा निरोप जेवणाशिवाय केव्हा जातो, हे माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या पानावर आहे. सूज भडकलेली असताना काही रुग्णांमध्ये उपाशीपोटीही हे हार्मोन वाढलेलं आढळतं. भूक मंदावणे आणि वजन घटणे यांचं ते एक कारण असू शकतं. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. पट्ट्याचं भोक. अर्धं ताट. नळ. मी खुर्ची मागे सरकवली. कवडूभाऊंनी विचारलं, "पानी देऊ का म्याडम?" मी कपाटातून निरोगी माणसांच्या फॉर्मचा गठ्ठा काढला.

एका आकड्यावरून रोग ठरत नाही, हे मला कळतं. म्हणून तर फॉर्म असतो. चौदा प्रश्न. पोट दुखतं का, शौचाला वारंवार जावं लागतं का आणि किती वेळा, रक्त पडतं का, सहा महिन्यांत वजन उतरलं का. कवडूभाऊंनाही मी दार लावून एकेक प्रश्न विचारला होता, आणि सातव्या प्रश्नावर ते लाजून खिडकीबाहेर बघत राहिले होते. नऊ नंबरचा फॉर्म माझ्या अक्षरात होता. चौदा वेळा 'नाही', एकाखाली एक, पेन न उचलता लिहिल्यासारखे. मला ती सकाळ आठवली. वीरेंद्र आंघोळीला गेले होते, आत नळ केव्हाचा चालू होता, मला उशीर होत होता. माझाच नवरा, त्याला काय विचारायचं, मला माहीत आहे. मी भाकरीचा तवा खाली उतरवेपर्यंत फॉर्म भरून झाला. ते बाहेर आल्यावर मी तो पुढे केला, सही करून टाका. सहीच्या शेवटी ओल्या बोटाचा डाग होता. तो अजून तिथे होता, सुकून थोडा वर आलेला. चार महिने ते रक्त उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये एका कप्प्यात, जसंच्या तसं. आणि घरातलं तोवर जसंच्या तसं राहिलं नव्हतं.

रीनाच्या फेरतपासणीची तारीख पुढच्याच शनिवारी होती. ती रजा टाकून एसटीने आली, बरोबर डबा घेऊन, कारण माझे पोहे तिलाही आवडत नाहीत. तिची तब्येत चांगली दिसत होती. गाल भरले होते. मला त्याचाही राग आला. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. ती दर वेळी सुईकडे बघते, तोंड फिरवत नाही.

"म्याडम, एक विचारू? रागवू नका. वीरेंद्रजींनी सांगतलं का तुम्हाले?"

"हो," मी म्हटलं. काय ते मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही हे तिला कळावं, हे मला सहन झालं नसतं.

"बरं झालं बापा," तिने मोठा श्वास सोडला. "मी केव्हाची म्हणून राहिली त्यायले, म्याडमले सांगा, म्याडमचं तं कामच हे हाय. तं म्हणे, नाही, तिले सांगतलं का ती मले नंबर देईन." ती हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "म्हणजे हसूनच म्हणे. पण सात सात वेळा म्हणजे का कमी झालं म्याडम? आणि रक्त."

नळीत तिचं रक्त वर चढत होतं. "तुला केव्हा सांगितलं त्यांनी?"

"मले कायले सांगतात? मले दिसलं ना. तो रविवार नाही का, नोव्हेंबरातला. गाडी लावली, कानटोपी माझ्या हातात देल्ली आणि म्हणे, तुमच्याकडं संडास कोठी हाय. बसले तं पाऊण तास. आई म्हणे, पोरी, हे तं तुझंच दुखणं हाय. बाहेर आले तं चेहरा पांढरा. आईनं चहा देल्ला, आयता देल्ला, म्हणे दोन घास खाऊन निघा. तं नाही म्हणे. गुंजनचं काम बिघडेल म्हणे."

मी सुई काढली, कापूस दाबला. तिने दंड दुमडला. मी नळी बर्फात ठेवली आणि वेळ लिहिली. आयते होते तर. चूल, पायरी, ताट, समोर बसून बघणारी रीना, सगळं मी बरोबर बांधलं होतं, फक्त ताटावर बसलेला माणूस खात नव्हता. माझ्यासाठी खात नव्हता. हे कळल्यावर मत्सर उतरायला हवा होता. मी वाट बघितली. तो उतरला नाही, तर सरकून नीट बसला. त्यांनी तिला घासातला घास दिला असता, तिचा हात धरला असता, तरी मी आजूबाजूला कुठेतरी असते. बायको म्हणून, फसवलेली म्हणून. त्या संडासाच्या बंद दारापाशी मी कुठेच नव्हते. चार महिने ती दोघं पोस्टाच्या खिडकीतून माझ्याच डब्यांची देवाणघेवाण करत, काय खायचं, काय सोडायचं, कुठल्या वळणावर पेट्रोल पंपाचा संडास उघडा असतो, हे बोलत होती. सात वेळा हे तिला माहीत होतं. मला चौदा वेळा 'नाही' माहीत होतं. मी शेवटी म्हटलं, "तुझ्यामुळे त्यांना धीर आला, रीना." वाक्य मी नीट उच्चारलं. ती म्हणाली, "धीर कायचा म्याडम, आम्ही दोघं मिळून हसत होतो फक्त."

दुसरा शनिवार असल्यामुळे बँकेला सुटी होती, वीरेंद्र घरी होते. मी चार वाजता पोचले तेव्हा पुढची खोली रिकामी होती, पंखा चालू होता, आणि आत नळ. मी चप्पल काढली. पर्समधून डबी काढली, झाकणाला आतून चमचा असलेली, रुग्णांना देतो ती. या डब्या त्यांनी इतक्यांदा पोचवल्या होत्या की वेगळं काही सांगायची गरज नव्हती. मी बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिले. पाणी पडत होतं. पाण्याच्या खाली दुसरा आवाज होता, माणूस दात आवळून श्वास घेतो तसा. तो आधीही असणार. मी किती दिवस या दारावरून येता-जाता कान दिला होता, आणि मला फोनवरचं बोलणं ऐकायचं होतं म्हणून मी हे ऐकलं नव्हतं.

ते बाहेर आले. मला पाहिलं, मग डबी. "कोणाची?"

"तुमची."

ते खाली बसले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पट्ट्याच्या नव्या भोकापुढे चार बोटं पट्टा लोंबत होता. "सांगतलं वाट्टे तिनं."

"रक्तानं सांगितलं. तिनं नंतर."

"हं. तुझं रक्त तं बोलतेच." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "सोमवारी सांगणारच होतो."

"कुठल्या?"

यावर ते खरंच थोडे हसले. मी त्यांचा हात धरून पलंगावर बसवलं. हात हलका लागला. मंगळवारी नागपूरला जायचं, डॉक्टरांना मी फोन केला आहे, दुर्बीण घालतील, काय आहे ते कळेल, हे सगळं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग मी विचारायचं ते विचारलं, चौदापैकी सातवा प्रश्न, चार महिने उशिरा. "दिवसातून किती वेळा?"

ते माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे बघत होते, जिच्यात वही असते. "लिहून घेशील का?"

"नाही."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली. ते उत्तर द्यायला इतका वेळ लावत होते की मी मनात बेरजेची तयारी केली. पाच म्हणाले तर आठ धरायचे, सात म्हणाले तर दहा. ते जमिनीकडे बघून म्हणाले, "रीनाले सात सांगतले होते."

"आणि?"

"अकरा. रातचे तीन धरून."

मी त्यात काही मिळवलं नाही. अकरा हा खरा आकडा होता, काढून ठेवलेला, कोणालाही न दिलेला, आणि तो आता माझ्याकडे होता. सात तिच्याकडे होते. वरचे चार तिला माहीत नव्हते, वच्छलाबाईंना नव्हते, करडीला नव्हते. छातीत काहीतरी उबदार पसरलं, कंदिलाच्या काचेला लावलेल्या पाऱ्यासारखं झरझर वर गेलं, आणि मला कळलं की मी सुखी झाले आहे. मी त्यांचा हात सोडला नव्हता. मनगटाचं हाड माझ्या अंगठ्याखाली होतं. घाबरायला मला त्यानंतर थोडा वेळ लागला.